डोंगरातल्या नदीवर फ्लायने ट्राउट धरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने फ्लायची काठी हातात घेणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक काठीपासून सुरू होतात आणि ती फेकायची कशी इथे येऊन थांबतात. माझी उत्तरं मात्र पाण्यापासून सुरू होतात. इतक्या वर्षांत मी जितके मासे घालवले, त्यातले फार थोडे वाईट फेकीमुळे गेले. बाकीचे मी काठी उचलायच्या आधीच गेले होते, कारण मी नीट बघितलं नव्हतं.

फ्लाय म्हणजे नक्की काय? तिला आमिष लावायचं असतं का?

आमिष लावायचं नसतं. बारीक गळाच्या काट्यावर पिसं, लोकर, प्राण्यांचे केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा म्हणजे फ्लाय. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचं बरंचसं खाणं म्हणजे पाण्यातले आणि पाण्यावर पडणारे किडे, म्हणून ही नक्कल चालते.

अडचण अशी, की या किड्याला वजन नसतं. नेहमीच्या गळाला शिसं बांधलेलं असतं, ते भिरकावलं की दोरी मागोमाग जाते. कागदाचा कपटा भिरकावून बघा, तो दोन हातांवर पडेल. तोच कपटा चाबकाच्या टोकाला बांधला तर मात्र हवा तिथे पोचवता येतो. फ्लायच्या मासेमारीत दोरी हाच चाबूक आहे. ती मुद्दाम जाड आणि वजनदार केलेली असते, काठी फेकते ती दोरीला, आणि फ्लाय नुसती सोबत जाते. एवढं ध्यानात आलं की पुढचं बरंच सोपं होतं.

युक्ती जुनी आहे. मॅसेडोनियातले लोक काट्याला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून नदीतले ठिपकेवाले मासे धरतात, असं रोमन काळातल्या एका लेखकाने सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

'जंगली' ट्राउट कोणता? नदीत सोडलेला ट्राउट जंगली नाही का?

ज्याचा जन्म नदीच्या तळाच्या खड्यांमध्ये झाला आणि जो तिथेच वाढला तो जंगली. मत्स्यबीज केंद्रात वाढवून नदीत आणून सोडलेला मासा जंगली नव्हे, मग तो कितीही देखणा असो. इथे आणखी एक भेद आहे. जंगली म्हणजे मूळचा तिथलाच असं नाही. ब्राउन ट्राउटची अंडी १८६४ साली जहाजातून बर्फात ठेवून टास्मानियाला पोचली, तिथल्या माशांची अंडी १८६७ मध्ये न्यूझीलंडला गेली. आज न्यूझीलंडच्या नद्यांत पोहणारे बरेचसे ब्राउन ट्राउट त्या वंशाचे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या नदीतच जन्मलेले. ते जंगली आहेत, पण मूळचे तिथले नाहीत.

नदीत मासे सोडले की मासे वाढतील असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात डिक व्हिन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने मॅडिसन नदीवर वर्षानुवर्षं मोजणी केली तेव्हा उलटं दिसलं. बाहेरचे मासे आणून सोडल्यावर नदीतले जंगली मासे कमी होत होते आणि सोडणं बंद केल्यावर ते वाढत होते. या कामानंतर १९७४ साली मोंटानाने जंगली ट्राउट असलेल्या नद्यांमध्ये मासे सोडणं थांबवलं. नदी चांगली ठेवली तर मासा स्वतःची सोय स्वतः बघतो, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

हातात आल्यावर ओळखायचं असेल तर पर बघा. टाकीत दाटीने वाढलेल्या माशाचे पर पुष्कळदा झिजलेले, कडा खाल्ल्यासारखे असतात. नदीतल्या माशाचे पर पूर्ण, पातळ आणि कडेपर्यंत स्वच्छ असतात.

डोंगरी नदीत ट्राउटच्या कोणत्या जाती मिळतात?

मुख्य दोन. ब्राउन ट्राउट मूळचा युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेचा, आणि रेनबो ट्राउट पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांचा. शिवाय उत्तर अमेरिकेत जबड्याखाली तांबडा पट्टा असलेला कटथ्रोट आणि पाठीवर नागमोडी नक्षी असलेला ब्रूक ट्राउट. हा ब्रूक ट्राउट नावाने ट्राउट, पण खरं तर 'चार' (char) नावाच्या वेगळ्या गटातला मासा. ब्राउन सावध आणि आपली जागा धरून राहणारा, रेनबो जास्त वेगवान पाण्यात रमणारा, असा माझा अनुभव आहे.

एवढ्या मोठ्या नदीत मासा नेमका कुठे असतो?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो.

ट्राउटला तीन गोष्टी लागतात: प्रवाहाशी सतत झगडावं लागणार नाही अशी जागा, दारातून वाहत येणारं खाणं, आणि धोका आला तर शिरायला आडोसा. ज्या जागी या तिन्ही गोष्टी हातभर अंतरात मिळतात तिथे मासा असतो, आणि सगळ्यांत चांगली जागा सगळ्यांत मोठ्या माशाची असते. तो नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, कारण खाणंही तिकडूनच येतं आणि प्राणवायूही.

आता एक मोठा खडक डोळ्यांसमोर आणा. पाणी त्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातं. खडकाच्या मागे शांत पाणी असतं हे सगळ्यांना कळतं, म्हणून सगळे तिथेच फ्लाय टाकतात. पण खडकाच्या पुढेही, जिथे पाणी येऊन थडकतं, तिथे एक मऊ उशी तयार होते. त्या उशीत उभ्या असलेल्या माशाला खाणं सर्वांत आधी मिळतं. मग खडकाच्या दोन्ही कडांना वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासतं तो सांधा बघा. पृष्ठभागावर ती एक बारीक रेघ दिसते, तिच्यावरून फेसाचे बुडबुडे ओळीने जातात. ही फेसाची ओळ सोडू नका. बुडबुडे जिथून वाहतात तिथूनच किडेही वाहतात. संथ बाजूला उभं राहायचं आणि मान जरा वळवून वेगवान बाजूचा घास टिपायचा, हा माशाचा दिवसभराचा उद्योग.

डोहात वरच्या तोंडाशी, जिथे खळाळणारं पाणी खोल पाण्यात कोसळतं, तिथे दिवसा मासे असतात. संध्याकाळी तेच मासे डोहाच्या खालच्या टोकाला, गुडघाभर उथळ आणि काचेसारख्या पाण्यात येऊन उभे राहतात. म्हणून डोहाशी पोचल्यावर थेट वरच्या धबधब्याकडे जाऊ नका. तसं गेलात तर खालचे मासे तुमच्या पायांपुढून पळतील आणि वरच्यांनाही घाबरवतील. खालून सुरुवात करा. काठाखाली पोखरलेल्या जागा, पाण्यावर झुकलेल्या फांद्या, बुडालेला ओंडका, हेही बघा. आणि घोट्याएवढ्या पाण्यालाही उथळ म्हणून सोडून देऊ नका.

नदीशी आल्यावर पहिली १० मिनिटं काठी खाली ठेवून बसा. पोलराइज्ड चष्मा डोळ्यांवर असू द्या, पाण्यावरची चकाकी गेली की तळ दिसतो. माशाचा आकार शोधू नका, तो दिसणार नाही. तळावरची हलणारी सावली शोधा, किंवा एखाद्या दगडाची शेपटी हलल्यासारखी वाटते का ते बघा.

मी काठावर आलो की मासे पळतात. त्यांना मी दिसतो का?

हो, आणि तुम्हाला वाटतं त्याहून आधी. पाण्याखालून वर बघताना माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी सुमारे ९७ अंशांच्या कोनाची असते आणि तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. मासा जितका खोल, तितकी त्याची खिडकी मोठी. बाहेरची वस्तू जितकी उंच, तितकी ती खिडकीत नीट येते; पाण्यालगत राहिलेली वस्तू कडेला दबून, चपटी होऊन जेमतेम दिसते. म्हणून वाकून जा, गुडघ्यांवर जा, फिके कपडे टाळा आणि उंच काठावर आकाशासमोर उभे राहू नका. मासा प्रवाहाच्या वरच्या बाजूला बघतो, म्हणून त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने वर सरकत जाणं बरं.

पावलांचा दणकाही त्याला कळतो. त्याच्या अंगावरची बाजूची रेषा पाण्यातली थरथर टिपते. गप्पा मारल्या तर चालतील, पण दगड निसटू देऊ नका.

पाण्याचं तापमान मोजायला हवं का?

हवंच. साधा थर्मामीटर खिशात ठेवा. साधारण १० ते १६ अंश सेल्सियसला ट्राउट चांगला खातो. त्याहून थंड पाण्यात तो तळाशी मंद होतो. पाणी २० अंशांवर गेलं की काठी आवरा, मासे लागत असले तरी. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना जेमतेम ९. म्हणजे पाणी तापतं तेव्हा माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. अशा पाण्यात झुंज दिलेला मासा सोडल्यावर पोहत जातो आणि नंतर मरतो. उंचावर हवाच विरळ, त्यामुळे तिथे प्राणवायू आणखी कमी.

किडे ओळखता आलेच पाहिजेत का?

शास्त्रीय नावं नकोत. चार घराणी ओळखता आली की पुष्कळ झालं, आणि त्यासाठी पाण्यातला एक दगड उलटा करून बघावा लागतो. हातावर घेतलेल्या ओल्या दगडाच्या खालच्या बाजूला चपटा, तीन शेपट्यांचा, झरझर आडवा पळणारा जीव दिसला तर ते मेफ्लायचं निम्फ, म्हणजे पंख फुटण्याआधीचं पिल्लू. त्याच्या पोटाच्या कडांना बारीक पिसांसारखे कल्ले लपलपत असतात. वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून केलेल्या छोट्या नळीत राहणारी अळी कॅडिसची. दोन शेपट्यांचा, दणकट, सावकाश चालणारा जीव स्टोनफ्लायचा. तो सापडला तर पाणी थंड आणि स्वच्छ आहे असं समजा, त्याला घाणेरडं पाणी सोसत नाही. आणि धाग्याएवढ्या बारीक अळ्या चिलटांच्या. दगड बघून झाला की होता तसाच पालथा ठेवा.

मेफ्लाय पाण्याखाली साधारण वर्षभर काढते. मग वर येते, कात टाकते, पंख मिळालेल्या रूपात उडते आणि नंतर पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा किडा नाही. प्रौढ मेफ्लायला खाण्यासाठी चालणारं तोंडही नसतं, ती काही तास किंवा एखाददोन दिवस जगते. संध्याकाळी त्यांचे थवे नदीवर वरखाली नाचताना दिसले की थांबा, थोड्या वेळाने पाणी माशांच्या तोंडांनी फुटायला लागेल.

डब्यात कोणत्या फ्लाय असाव्यात?

थोड्याच, पण प्रत्येकीचे तीन आकार. पाण्यावर तरंगणाऱ्यांपैकी ॲडम्स. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या लेन हॅलाडे यांनी ती १९२२ मध्ये बांधली. राखाडी अंग, भोवती कोंबड्याच्या मानेची तपकिरी आणि करडी पिसं. ती कुठल्याच किड्याची हुबेहूब नक्कल नाही, म्हणूनच अनेकांसारखी दिसते. दुसरी एल्क हेअर कॅडिस, अल ट्रॉथ यांची, १९५७ ची. एल्क हरणाचे पोकळ केस तिला खळाळत्या पाण्यातही तरंगत ठेवतात. पाण्याखालची म्हणाल तर फेझंट टेल निम्फ. इंग्लंडच्या एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांनी ती फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढ्यावरच बांधली. दोरा नाहीच, तारच बांधते आणि तारच बुडवते.

काट्याचा आकडा जितका मोठा तितका काटा लहान. डोंगरी नदीत १२ ते १८ पुरतात. रंगापेक्षा आकाराला महत्त्व द्या.

वर तरंगणारी फ्लाय टाकावी की बुडणारी?

मासे वर येताना दिसत असतील तर तरंगणारी. दिसत नसतील तर बुडणारी, कारण ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होतं. फक्त एक बघा: पाणी फुगतं, माशाची पाठ दिसते पण तोंड बाहेर येत नाही, तेव्हा तो वर येणारे किडे पृष्ठभागाच्या जरा खालीच टिपत असतो. तिथे तरंगणारी फ्लाय टाकत बसू नका.

काठी किती लांब आणि किती 'वेट'ची घ्यावी?

छोट्या डोंगरी नदीसाठी साडेसात ते साडेआठ फूट, तीन किंवा चार वेट. वेट म्हणजे दोरीचा वजनगट. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन ठरलेलं असतं: चार वेटच्या दोरीचं सुमारे ७.८ ग्रॅम, पाचचं सुमारे ९ ग्रॅम. काठी आणि दोरी एकाच आकड्याच्या घ्या. रीळ इथे मुख्यतः दोरी ठेवायची जागा आहे, त्यावर फार खर्च करू नका. तो पैसा चांगली दोरी आणि चष्मा यांवर घाला.

५एक्स, ६एक्स हे काय असतं?

फ्लायला बांधायच्या शेवटच्या पारदर्शक धाग्याची, म्हणजे टिपेटची जाडी. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तितके हजारांश इंच. म्हणजे ५एक्स हा ६ हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. फार बारीक धाग्याचा मोह धरू नका. धागा जाड असला की माशाला लवकर आणता येतं, आणि तो दमून जायच्या आत सुटतो.

फेक जमत नाही. दोरी माझ्याच पाठीमागे गुंतते.

दोन गोष्टी तपासा. काठी मागे कुठे थांबते आणि तुम्ही किती वेळ थांबता. घड्याळाच्या भाषेत, समोर १० आणि मागे १ यांच्यामध्ये काठी फिरते आणि दोन्ही टोकांना खटकन थांबते. त्या थांबण्यातून दोरीला वेग मिळतो. मनगट सैल सोडलं की काठी मागे तीनपर्यंत जाते आणि दोरी गवतात पडते. मागे गेल्यावर दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघा. वाट न बघता पुढे आणलीत तर चाबकासारखा फट्ट आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. मान वळवून मागची दोरी बघा, त्यात कमीपणा नाही.

डोंगरात मागे झाडी असतेच. तिथे रोल कास्ट शिका: दोरी पाण्यावरून सावकाश मागे ओढायची, काठीमागे तिचा पोटासारखा झोळ पडू द्यायचा आणि पुढे झटका द्यायचा. दोरी पाण्यावर लोळत उलगडते, मागे जागाच लागत नाही. इथल्या बहुतेक फेकी आठ-नऊ मीटरच्या आतल्या असतात. लांब फेकायला शिकण्यापेक्षा जवळ जायला शिका.

फ्लाय बरोबर माशावरून जाते, तरी तो घेत का नाही?

दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं: ओढ.

पाण्यावर पडलेलं पान बघा. ते पाण्याच्या वेगाने, पाण्याच्या मर्जीने जातं. किडाही तसाच जातो. तुमची फ्लाय मात्र दोरीला बांधलेली आहे आणि दोरी तुमच्या आणि फ्लायच्या मधल्या वेगवान धारेवर पडली आहे. धार दोरीला खाली वाहून नेते, दोरीला पोट येतं आणि फ्लाय पाण्यावरून घसरायला लागते. तिच्यामागे बारीक रेघ उमटते. ती रेघ तुम्हाला दहा हातांवरून दिसत नाही, माशाला वीतभर अंतरावरून दिसते.

एकदा एका खडकावर पालथा पडून मी मित्राची फ्लाय येताना बघत होतो. एक ब्राउन ट्राउट तळावरून तिरका वर आला, फ्लायच्या अगदी खाली. मग तो तिच्याबरोबर शेपटीकडून मागे मागे वाहत राहिला, नाक जवळजवळ टेकलेलं, पर नुसते थरथरत. असा तो तीन-चार हात गेला. त्याने तोंड उघडलं मात्र, आणि फ्लाय नखाएवढी सरकली. त्याने तोंड मिटलं आणि तो होता तिथे परत जाऊन उभा राहिला. मित्राला यातलं काहीच दिसलं नव्हतं. 'इथे मासा नाही' असं म्हणून तो पुढे निघाला होता.

ओढ टाळण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे उभं राहायची जागा बदलणं. मधे वेगवान धार उरणार नाही अशा जागी जा. जवळ असाल तर काठी उंच धरून दोरी पाण्यापासून वर उचलून ठेवा. तेही जमत नसेल तर दोरी पडताक्षणी काठीच्या टोकाने तिचं पोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला उलटवा. आणि टिपेट हातभर लांब करा, त्याचे सैल वळसे ओढ लागण्याआधी दोन-तीन क्षण मिळवून देतात. तेवढे पुरतात.

मासा फ्लाय घेतो, पण लागत नाही.

हिसका देऊ नका. काठीचं टोक उचला, दोरी ताठ झाली की झालं. बुडणाऱ्या फ्लायला मासा लागल्याचं हाताला कळण्याआधी दोरीकडे बघून कळतं. ती वाहता वाहता क्षणभर अडली तरी काठी उचला.

टेंकारा म्हणजे काय?

जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची पद्धत. लांब, हलकी काठी, तिच्या टोकालाच बांधलेली दोरी, एक फ्लाय. रीळ नाही. दोरी पाण्याला जवळजवळ टेकत नाही, त्यामुळे ओढेचा प्रश्नच फारसा येत नाही. नवशिक्यांना मी ही पद्धत मनापासून सुचवतो.

पाण्यात उतरणं कितपत धोक्याचं आहे?

गुडघ्याएवढं वेगवान पाणीही माणसाला आडवं करतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. आधाराला वेगळी जाड काठी घ्या आणि ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेका, पाय घासत न्या, एकावर एक टाकू नका. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार घातली असेल तर कमरेचा पट्टा घट्ट हवा. पडलात तर वेगवान पाण्यात उभं राहण्याचा प्रयत्न करू नका, दगडांच्या फटीत पाय अडकतो. पाठीवर तरंगा, पाय खालच्या दिशेला, आणि संथ पाणी आलं की काठाकडे सरका.

बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या नद्या सकाळी उतरलेल्या आणि दुपारनंतर चढलेल्या असतात. सकाळी सहज ओलांडलेली जागा परतीच्या वेळी छातीभर असू शकते. आणि ढग गडगडले की फ्लायची काठी खाली ठेवून पाण्याबाहेर या. काठीच्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते.

काट्याचा उलटा दात दाबून टाकावा का? मासे सुटून जातील ना?

दाबा. पकडीने एकदा चिमटला की काम झालं. दोरी ताठ ठेवली तर मासा सुटत नाही, आणि काटा काढायला एक क्षण लागतो. तुमच्या स्वतःच्या कानात काटा रुतला तर तोही तसाच निघतो.

मासा सोडताना काय काळजी घ्यायची?

सुरुवातीच्या वर्षांत मला कोपरापासून मनगटापर्यंत लांबीचा एक ब्राउन ट्राउट मिळाला. तोवरचा माझा सर्वांत मोठा. मी त्याला काठावरच्या गवतावर ठेवलं, कॅमेरा काढला, काठी शेजारी नीट मांडली, दोन फोटो घेतले. सोडल्यावर तो पोहत गेला, मला हायसं वाटलं. थोड्या वेळाने खालच्या वळणावर तो दिसला, एका दगडाला टेकलेला, पांढरं पोट वर. मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवलं, हात बधिर होईपर्यंत. त्याचे कल्ले अधूनमधून हलत होते, मग थांबले.

१९९२ साली कॅनडातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत रेनबो ट्राउट पूर्ण दमवून ही गोष्ट मोजली होती. दमवून पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के. आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. नदीवर प्रत्येक मासा इतका दमत नाही, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण कल्ल्यांच्या नाजूक झालरी हवेत एकमेकींना चिकटतात आणि श्वास थांबतो, हे नदीवरही तसंच आहे. मी फोटो काढायला घेतला होता त्याहून कमी वेळ पुरतो.

तेव्हा लवकर आणा. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर त्याचं जंतूंपासून रक्षण करतो. हातजाळी रबराची असू द्या आणि मासा जाळीतच, पाण्यातच राहू द्या. पोट दाबू नका, कल्ल्यांत बोट घालू नका. काटा खोल गेला असेल तर उपटू नका, धागा कापा. फोटो हवाच असेल तर समोरचा माणूस तयार आहे हे बघून मगच उचला आणि अंगावरून पाणी निथळायचं थांबण्याआधी परत बुडवा. संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून आधार द्या. पुढेमागे ढकलू नका. जायचं तेव्हा तो स्वतः जाईल, हातातून निसटताना शेपटीचा जोर जाणवेल.

एखादा मासा खाण्यासाठी ठेवला तर?

नियम परवानगी देत असतील आणि नदीत मासे भरपूर असतील तर त्यात गैर काही नाही. ठेवायचा असेल तर लगेच, डोक्यावर एका फटक्यात मारा. तडफडत ठेवू नका. मोठा नर किंवा मादी सोडा, मध्यम मासा ठेवा. परवाना, हंगाम, लांबीची मर्यादा, फक्त फ्लायला मुभा असलेला पट्टा, हे सगळं नदीगणिक बदलतं. जाण्याआधी त्या नदीपुरतं विचारून घ्या.

एका नदीवरून दुसरीवर जाताना बूट धुवायला का सांगतात?

बुटाच्या तळव्यातून आजार प्रवास करतात. व्हर्लिंग डिसीज हा आजार आणणारा परजीवी कोवळ्या ट्राउटच्या कूर्चा खातो, पिल्लं स्वतःभोवती गिरक्या घेत मरतात. चिखलातून तो दुसऱ्या पाण्यात जातो. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे शेवाळ सापडलं. तळावर त्याचा ओल्या लोकरीसारखा थर बसतो आणि किड्यांना दगडच उरत नाही. तिथे २००८ साली बुटांना फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखे तळवे लावून मासेमारी करण्यावर बंदी घातली गेली, कारण फेल्ट कित्येक दिवस ओला राहतो. चिखल घासून काढा, धुवा, पूर्ण वाळू द्या. हे टाळायचं नाही.

तळावर मधेच फिक्या, धुतल्यासारख्या खड्यांचे पट्टे दिसतात. ते काय असतं?

ती ट्राउटची अंडी घालायची जागा. ब्राउन ट्राउट शरदात अंडी घालतो, रेनबो सहसा वसंतात. मादी कुशीवर वळून शेपटीने तळ झोडपते, खडे उडतात, त्यांच्यावरचं शेवाळ जातं, म्हणून जागा आजूबाजूपेक्षा फिकी दिसते. वरच्या अंगाला उथळ खड्डा आणि खालच्या अंगाला खड्यांचा उंचवटा असतो. अंडी खड्ड्यात नसतात, उंचवट्याखाली असतात. खड्यांमधून झिरपणाऱ्या पाण्यावर ती जगतात. पाणी ५ अंशांच्या आसपास असेल तर फुटायला अडीच-तीन महिने लागतात, आणि त्यानंतरही पोटाला बलकाची पिशवी घेतलेली पिल्लं काही आठवडे तिथेच दडून असतात. एका पावलाने त्यातली कितीतरी चिरडतात.

त्या जागेवर उभ्या असलेल्या जोडीवर फ्लाय टाकू नका. ती उथळ पाण्यात स्वच्छ दिसते, सहज लागेल असं वाटतं, आणि तिला त्याच वेळी सोडायला हवं. मी असा पट्टा दिसला की पाण्यातून निघून काठावर चढतो आणि अख्खा डोह वरून ओलांडतो. पुन्हा उतरताना पाय टाकण्याआधी खाली बघतो, तिथला दगड काळा आणि शेवाळलेला आहे ना.